मुलीची ओळख सांगा

कीर्तनात आख्यानाला लागण्याआधी मोजून घेऊ. मंडळी, सवय आहे माझी. फिजिक्स शिकलोय, हात शिवशिवतात!

या सभामंडपात खांब चोवीस. पंखे सहा – फिरणारे पाच, आणि एक नुसता बघणारा. समोर माणसं एकशे बारा. विणेकरी बुवांनी दोनदा मोजली. पहिल्यांदा एकशे अकराच भरली, कारण बुवा स्वतःला मोजायला विसरले! स्पीकरचे डबे आठ – चार या अंगाला, चार त्या अंगाला. आणि माझ्या मोबाइलमध्ये आवाज मोजायची सोय आहे. आत्ता मी बोलतोय तर तो दाखवतोय ब्याण्णव डेसिबल. शेजारून ट्रक गेला की साधारण एवढंच होतं. म्हणजे मी तुमच्यापुढं उभा राहून ट्रक चालवतोय!

आता हात वर करा – माझा शब्द न् शब्द स्वच्छ कळतोय, त्यांनीच. लाजू नका, मला राग येत नाही. बुवा, मोजा... किती? एक्याऐंशी. एकशे बारात एक्याऐंशी. हा आकडा लक्षात ठेवा, नंतर लागणार आहे.

तर निरूपण झालं, आता आख्यान. निरूपणात आपण म्हणालो, देव भक्ताला ओळखतो. अहो, ओळखणारच! पण आपलं काय? आपण दिवसभर म्हणतो – 'माझी ओळख आहे.' तहसील कचेरीत ओळख आहे, दवाखान्यात ओळख आहे, एसटीच्या खिडकीवर ओळख आहे. मला सांगा, ही ओळख म्हणजे काय? तुम्ही त्याला ओळखता, की तो तुम्हाला ओळखतो? की दोघंही एकमेकांना ओळखत नाहीत आणि दोघंही ते कुणाला सांगत नाहीत? – हसू नका, पुढं रडाल! – ऐका.

आंबेघोल नावाचं एक गाव. डोंगराच्या कुशीत. गावात जिल्हा परिषदेची शाळा, ती सातवीपर्यंत. सातवीच्या पुढं शिकायचं तर ओढ्यापलीकडं एक छोटीशी खाजगी माध्यमिक शाळा. आठवी, नववी, दहावी. तीनच वर्ग, पाचच शिक्षक. प्रयोगशाळा म्हणाल तर एक लोखंडी कपाट – आणि त्याची किल्ली हरवलेली! पण शाळेचं नाव असं, की आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांवरची पोरं तिथंच धावायची. आठवीत जागा चाळीस. एकोणचाळीस भरल्या. राहिली किती?

– एक! बघा, गणित सगळ्यांना येतं. दहावीला कुठं जातं काय माहीत.

त्या एका जागेसाठी एक गृहस्थ निघाले. दौलतराव खुटवड. यांचा धंदा काय? 'दौलत मंडप अँड साउंड.' लग्न असो, बारसं असो, प्रचाराची सभा असो – पडदे यांचे, खुर्च्या यांच्या, स्पीकर यांचे. – ओ साउंडवाले दादा, असे माझ्याकडं बघू नका! तुमची नाही हो ही गोष्ट!

मंडप बांधणारा माणूस, त्यामुळं सगळ्यांना भेटलेला. आणि छंद एकच – फोटो! सभापतीबरोबर फोटो, साखर कारखान्याच्या चेअरमनबरोबर फोटो, आणि टेम्पोत, आरशाच्या वर, प्लॅस्टिक लावून खुद्द आमदारसाहेबांबरोबर फोटो. साहेबांचा हात यांच्या खांद्यावर! टेम्पोत बसणारा प्रत्येक जण तो फोटो बघायचा. बघितला नाही तर दौलतराव ब्रेक मारून दाखवायचे.

यांची मुलगी गोदावरी. तेरा वर्षांची. सातवी पास. अंगानं बारीक, बोलायला कमी. हाक मारली तर कधी ओ द्यायची, कधी नाही. गुरुजी म्हणायचे, 'लक्ष नसतं हिचं.' गाव म्हणायचं, 'तोरा आहे.' आणि आई म्हणायची, 'बापावर गेली – मनात येईल तेव्हा ऐकते.'

आता ही जागा मिळाली नाही तर? तर तालुक्याला आत्याकडं रवानगी. आत्याला नुकतीच जुळी झालेली. आत्याचा फोन आला, "दादा, दे पाठवून पोरीला! मी शिकवते की!" – काय शिकवणार, कळलं ना बायांनो? दुपटी धुवायला! गोदाला ते कळलं होतं. आईनं पिशवी काढली, त्यात ती एक कपडा ठेवायची आणि आई वळली की परत काढून ठेवायची. बोलायची नाही. पण पिशवी काही भरेना.

दौलतराव मात्र निवांत. "आपली वळख हाय!" म्हणाले. इस्त्रीचा शर्ट घातला, फोटोंचा अल्बम काखेत मारला, पोरीला घेतलं, शाळेत हजर.

मोठ्या बाईंचं नाव नाईकनवरे बाई. साध्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. अर्ज बघितला, बाजूला ठेवला. गोदाला म्हणाल्या, "बाळ, तू बाहेर चिंचेखाली थांब." मग यांच्याकडं वळल्या.

"हं, दौलतराव. ओळख सांगा."

बास! यांना एवढंच पाहिजे होतं! अल्बम उघडला. "हे बघा बाई, हे सभापती. यांच्या पुतण्याच्या लग्नाला मांडव आपला. हे चेअरमन. आणि हे – वळखलं का? – साहेब! हात बघा कुठाय त्यांचा! एक फोन लावला ना बाई..."

बाई म्हणाल्या, "मुलीची."

"आँ?"

"मुलीची ओळख सांगा."

"तिची?" दौलतराव हसले. "बाई, तिची अजून कुठं वळख! ल्हान हाय ती. तिच्यासाठी आपलीच वळख लावायची."

मंडळी, चूक कुणाची? शब्द एकच – ओळख! बाईंच्या तोंडातून निघाला तेव्हा त्याचा अर्थ एक, यांच्या कानात शिरला तेव्हा दुसरा. मध्ये अंतर किती? एका टेबलाचं!

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आमची पद्धत आहे, दौलतराव. आमच्याकडं इमारत नाही, मैदान नाही, कपाटाची किल्लीसुद्धा नाही. एकच गोष्ट आहे – प्रत्येक मूल आम्हाला माहीत असतं. म्हणून प्रवेशाच्या वेळी आम्ही आईबापालाच विचारतो. आमच्यासमोर तीन वाक्यं सांगायची. तिला काय आवडतं? तिचं कुठं अडतं? तिच्या जवळचं कोण?"

"हुशार हाय बाई!"

"कशात?"

"सगळ्यातच!"

"मैत्रिणीचं नाव?"

आता आली पंचाईत! दौलतराव वर बघतात, पंख्याकडं बघतात. "हाय की एक. येते घरी. ती... ती वेणीवाली!"

अहो, गावात वेणी नाही अशी मुलगी कोणती? बाईंना स्वतःला वेणी होती!

बाईंनी अल्बम मिटला. दोन्ही हातांनी परत दिला. "जागा सोमवारपर्यंत थांबवते. मुलीची ओळख करून घ्या आणि या. नाही आलात तर पुढच्या अर्जाला देईन. आमदारांचा फोन आला तर त्यांनाही हेच विचारीन."

दौलतराव घरी आले ते तणतणत. बायकोला म्हणाले, "इंदे, सांग बरं पटापट. पोरीला काय आवडतं?"

इंदुबाई भाकरी थापत होत्या. थांबल्या नाहीत. "मी का सांगू? मला विचारून पाठ करणार आणि पोपटासारखं बोलणार. कुठल्या नवरीमागं कुठल्या रंगाचा पडदा होता ते सगळं ध्यानात आहे तुमच्या. आता जरा पोरीकडं बघा की!"

"आगं पण बघायचं कसं?"

"डोळ्यांनी!"

– काकू, तुम्ही मान हलवताय. तुमच्याकडंही झालंय वाटतं हे भांडण!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात साखरपुडा. दौलतरावांनी गोदाला टेम्पोत घेतलं. हे स्टिअरिंगवर, म्हणजे उजवीकडं. ती डावीकडं. विचारायचं ठरवलं. आवाज शक्य तेवढा गोड केला – आयुष्यात पहिल्यांदा माइकशिवाय गोड आवाज! "गोदे, तुला काय आवडतं गं?"

उत्तर नाही. पोर समोर बघतेय.

"गोदे, कुठल्या विषयात गोडी हाय तुला?"

उत्तर नाही.

दौलतरावांचा पारा चढला. बापानं एवढ्या मायेनं विचारावं आणि पोरीनं मान वळवू नये? "तोऱ्यातच हाय! गाव म्हणतं ते खोटं न्हाई!" असं मनात म्हणाले आणि गिअर बदलला. टेम्पो पोचला. मांडव उभा राहिला. मग काम राहिलं साउंडचं.

आता इथं लक्ष द्या! माझ्या आवडीचा भाग आहे. मृदंगवाले, जरा थांबा.

समोर पाहुणे जेवायला बसलेले, म्हणून आवाज बारीक ठेवून तपासायचं ठरलं. दौलतरावांनी दोन डबे ठेवले, एक डावीकडं, एक उजवीकडं, मध्ये हातभर अंतरावर खुर्ची. खुर्चीत गोदा. "डोळे मिट आणि सांग, दोन्ही सारखे वाजत्यात का." माइकवर आपलं नेहमीचं – हॅलो, चेक, चेक!

गोदा म्हणाली, "पप्पा, डावा बरोबर आहे. उजवा दबलाय."

दौलतरावांनी उजव्याची वायर बदलली. हॅलो, चेक!

"उजवा दबलाय."

पिन बदलली. हॅलो!

"दबलाच आहे."

मग चिडून दोन्ही डबे उचलले आणि अदलाबदल केली. उजवीकडचा डावीकडं, डावीकडचा उजवीकडं. आता बिघडलेला डबा कुठं गेला? – डावीकडं! बरोबर. मग पोरीनं काय म्हणायला पाहिजे? – डावा दबलाय! बरोबर. हॅलो, चेक!

"पप्पा, उजवाच दबलाय."

आँ? बिघाड डब्याबरोबर गेला नाही! मंडळी, मी कॉलेजात तीन वर्षं हेच शिकलो – एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. दौलतराव हे कुठंही न शिकता करत होते, पण त्यांना वाटत होतं ते डबा तपासतायत! त्यांनी स्वतःचा कान दोन्ही डब्यांना लावला. दोन्ही ठणठणीत. डबा चांगला. वायर चांगली. पिन चांगली. लाइन चांगली. मग बदलायचं राहिलं काय?

खुर्ची!

त्यांनी डब्यांना हात लावला नाही. पोरीसकट खुर्ची उचलली आणि उलटी फिरवून ठेवली. तोंड होतं पूर्वेला, केलं पश्चिमेला. मगाशी तिच्या उजवीकडं होता तो डबा आता डावीकडं आला. माइक हातात घेतला. या वेळी हॅलो म्हटलं नाही. हळूच म्हणाले, "गोदे... कुठला दबलाय बाळा?"

पोर डोळे मिटूनच म्हणाली, "उजवा. कितींदा सांगू?"

माइक चालूच होता. पाहुणे जेवता जेवता वर बघायला लागले, कारण दोन्ही डब्यांतून 'हॅलो' यायचं थांबलं होतं. फक्त एका माणसाचा श्वास येत होता.

आता दौलतरावांना सगळं मागं फिरून आठवायला लागलं. हाक मारली की कधी ओ देते, कधी देत नाही – कुठल्या बाजूनं मारली होती हाक? झोपते ती कायम डाव्या कुशीवर, चांगला कान उशीत. वरातीचा बँड दाराशी वाजला तरी उठत नाही! यांनीच चार लोकांत सांगितलं होतं, 'काय गुणी पोर, बँडमध्ये झोपते!' आणि टेम्पोत तिचा कुठला कान होता बापाकडं?

– बघा, तुम्ही सगळे आत्ता हातानं हिशेब करताय. उजवा! बरोबर.

परत जाताना दौलतरावांनी टेम्पो रस्त्याच्या कडेला लावला. उतरले, वळसा घालून तिच्या डाव्या खिडकीशी येऊन उभे राहिले. "कवापासनं?"

"काय?"

"कान."

गोदा घाबरली. "सांगू नका ना कुणाला. शाळेत घेणार नाहीत."

"आगं पण कळतं कसं तुला? पास झालीस की!"

"सायरा बसते ना उजवीकडं. ती हळूच कोपर मारते. आणि समोर तोंड असेल तर ओठांवरून कळतं. लांबचं पण कळतं. लग्नात नवरा-नवरी स्टेजवर काय कुजबुजतात, सगळं कळतं मला."

"आरे वा! काय कुजबुजत्यात?"

"जास्त करून, 'पाय दुखतायत' म्हणतात."

दौलतराव खदखदून हसले. डोळे पुसले – हसून पुसले की कसे, ते मला विचारू नका. मग त्यांचं लक्ष आरशावरच्या फोटोकडं गेलं. उत्साहात म्हणाले, "आगं, मग दोन वर्षांमागं साहेबांच्या त्या सभेला तू व्हतीस की! पहिल्या रांगेत! साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आन वाकून त्या पीएला काहीतरी म्हणाले. काय म्हणाले गं? माझ्याबद्दलच असणार!"

गोदानं मान फिरवली.

"सांग की!"

"जाऊ दे ना, पप्पा."

"सांग म्हणतो ना!"

गोदा समोरच्या काचेतून बाहेर बघत म्हणाली, "'हा कोण?' म्हणाले."

विठ्ठल! विठ्ठल! – मृदंगवाले, वाजवा एक ठेका, नाहीतर मला हसू आवरणार नाही!

बघा मंडळी! ज्याची ओळख सांगत बाप दोन वर्षं फिरला, तो विचारत होता – हा कोण? आणि जिची ओळख बापाला सांगता आली नाही, तिनं ते दोन शब्द दोन वर्षं पोटात ठेवले. रोज त्या फोटोखाली बसून प्रवास केला. बाप कुणालाही दाखवायला लागला की मान फिरवून बाहेर बघितलं. तोरा म्हणत होते हो तिला! तोरा!

मधल्या दिवसांत तालुक्याच्या दवाखान्यात कान तपासून झाला. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, उजवा निम्म्याहून कमी, डावा उत्तम. मशीन लावता येईल, पण आधी बसायची जागा नीट करा. आणि नव्वद पोरांच्या वर्गात पाठवू नका. – आत्याच्या तालुक्याच्या शाळेत वर्ग केवढा होता? त्र्याण्णवचा!

सोमवार आला. दौलतराव पोरीला घेऊन शाळेत. काखेत अल्बम नाही. पाची शिक्षक समोर, आणि हे शर्टाचं बटण पुन्हा पुन्हा चाचपतायत. हजार माणसांपुढं 'हॅलो, चेक' म्हणणारा माणूस! सायराला चार वेळा म्हणून दाखवलं होतं, तरी!

"बोला," बाई म्हणाल्या. "मुलीची ओळख सांगा."

"बाई, ही गोदावरी. हिला लोकांचे चेहरे बघायला आवडतं, न बोललेलं बी कळतं हिला, आन कळलेलं सगळंच ती बोलत न्हाई." थांबले. एक बोट दुमडलं. "हिच्या जवळची सायरा, ती हिच्या उजवीकडं बसते आन तिला एक वेणी न्हाई, दोन हायत."

बाकीचे शिक्षक हसले. बाई नाही हसल्या. म्हणाल्या, "दोन झाली. तिसरं? कुठं अडतं?"

दौलतराव थांबले. हे सांगितलं तर? 'शाळेत घेणार नाहीत,' पोर म्हणाली होती. झाकलं तर जागा पदरात पडणार. वाक्य दुसरं काहीही सांगता आलं असतं – गणितात अडतं, शुद्धलेखनात अडतं, कोण तपासणार होतं? त्यांनी पोरीकडं बघितलं. ती त्यांच्या ओठांकडं बघत होती.

ते चालत तिच्या डावीकडं आले. आणि तिथून, तिला ऐकू जाईल असं, म्हणाले, "उजव्या कानानं हिला कमी येतं. आन बाई, हिचं अडत न्हाई. माझं अडलं व्हतं."

नाईकनवरे बाई उठल्या. टेबलाला वळसा घालून त्याही डावीकडंच येऊन उभ्या राहिल्या. "गोदावरी, पहिला बाक. उजव्या भिंतीला लागून. म्हणजे सगळा वर्ग तुझ्या डाव्या कानाला." मग मागं वळून म्हणाल्या, "सायराचा अर्ज मंजूर आहेच. पण तिला सांगा, आता डावीकडं बसायचं आणि कोपर हळू मारायचं."

आणि घरी पिशवी? ती गोदानं उलटी करून झटकली, आणि शाळेला नेली.

झालं आख्यान! आता तुमची पाळी.

हसलात ना दौलतरावांना? मग सांगा. जिच्याशी, ज्याच्याशी तुम्ही एका घरात राहता, त्यांची तीन वाक्यं सांगा बघू. जन्मतारीख नको, पगार नको. त्यांना काय आवडतं, कुठं अडतं, कोण जवळचं. मागं बसलेले काका, तुमचा मुलगा तुमच्या कुठल्या बाजूला बसतो? वहिनी, सासूबाई हाकेला ओ देत नाहीत म्हणून रागावता, कधी दुसऱ्या बाजूनं जाऊन हाक मारलीत? आणि ज्यांच्याबरोबरचा फोटो भिंतीवर लावलाय, त्यांचे ओठ कुणी बघितले होते का त्या वेळी?

आणि मी तरी काय करतोय? 'ऐका, ऐका' म्हणून मगापासून ओरडतोय! कुणाला ऐकू येतंय ते बघितलं का?

साउंडवाले दादा, आता तुमचं काम. सहा डबे बंद करा, आठ मिळून नुसते घुमतायत आणि शब्द खातायत. हो, सहा! घाबरू नका, भाडं कापणार नाही कुणी. राहिलेल्या दोन्हींचा आवाज उतरवा. अजून. अजून थोडा. बास. मृदंगवाले, हात खाली. आजी, तुम्ही त्या खांबामागून पुढं या. बुवा, त्या आजोबांना त्यांच्या उजवीकडं सरकवा, त्यांचा डावा कान चांगला आहे, मगाशी मी बघितलंय.

आता मी नेहमीसारखं बोलतोय. घरात बोलावं तसं. शब्द न् शब्द कळतोय, त्यांनी हात वर करा.

बुवा, मोजा. स्वतःला धरून.

डबे दोन. आवाज चौसष्ट डेसिबल. माणसं एकशे बारा. हात वर – एकशे सात.